जोंधळ्यानं भरलेली टोपी

१

रविवारी सकाळी जळोचीतले निम्मे पुरुष मटणाच्या दुकानापुढे उभे असतात, तेव्हा रविराज घराच्या वरच्या खोलीत टोप्या पुसत बसलेला असायचा. टोप्या म्हणजे लग्नात वाटतात त्या नव्हेत. लष्कराच्या. जुन्या. बारामतीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं त्याचं दुकान होतं, तेही बरं चालायचं. पण गड्याचा जीव सगळा या खोलीत. भिंतींना फळ्या, फळ्यांवर थर्माकोलची डोकी, आणि प्रत्येक डोक्यावर कुणा ना कुणा गेलेल्या शिपायाचं काहीतरी. गोऱ्या साहेबांच्या अमदानीतली सोला टोपी, कानांवर लोखंडी जाळी सोडलेला मराठेशाहीतला टोप, एका पलटणीची तुरेवाली पगडी, कुठल्याशा संस्थानातल्या पहारेकऱ्याचं पितळी शिरस्त्राण. "लोकांच्या घरात फोटो असतात, आमच्या घरात मुंडकी आहेत," असं त्याची बायको माधवी आल्यागेल्याला सांगायची. झाडू घेऊन ती त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच यायची.

रविराजचा एक नियम मात्र पक्का होता. यातली कुठलीही टोपी आपल्या डोक्यावर घालून बघायची नाही. पुसायची, माप घ्यायचं, वजन करायचं, आतली कातडी पट्टी बोटानं चाचपायची, कडेचा शिक्का वाचायचा. पण घालायची नाही. कुणी विचारलं तर तो सांगायचा की घामानं जुनं कातडं खराब होतं. खरं कारण त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

खाली पडवीत कॉटवर त्याचे वडील बसलेले असायचे, सावळाराम तात्या. उभा जन्म उसात गेलेला माणूस. त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी आंघोळ आणि झोप सोडली तर कधी उतरली नव्हती, कारण त्यांच्या पिढीत पुरुषाचं डोकं उघडं दिसलं की माणसं विचारायची, कोण गेलं म्हणून. हल्ली तात्या विसरायला लागले होते. रविराजला ते आप्पा म्हणायचे. आप्पा त्यांचा धाकटा भाऊ, तो जाऊन जमाना झाला होता. पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा रविराज गुपचूप न्हाणीघरात जाऊन रडला होता. पुढं त्यानं आप्पा व्हायचं कबूल करून टाकलं. तात्या सगळं विसरले तरी टोपी काही विसरत नव्हते.

२

शेळगावचा विशाल हे त्याच्या दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक. रोटाव्हेटरची पाती न्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "रविराजदादा, आमच्यात एक मिल्ट्रीची लोखंडी टोपी हाय बघा. जुनं घर पाडतोय. बघायला येता का?"

येता का म्हणजे काय! दुपारी शटर ओढून रविराज शेळगावात हजर.

घर निम्मं पाडलं होतं. उरलेल्या स्वयंपाकघरात धान्याच्या कणगीशेजारी ती टोपी उताणी ठेवलेली होती. दुसऱ्या महायुद्धातली, बशीसारखी पसरट, रुंद कडेची. कुठं पोचा नाही, गोळीची खूण नाही. आणि काठोकाठ जोंधळ्यानं भरलेली.

"आज्ज्याचा चुलता पलटणीत व्हता," विशाल म्हणाला. "इटलीत लढाईवर गेला. त्यो काय आला न्हाय. ही आली."

"कुणी आणली?"

"कुणाला ठावं!"

रविराजला हे जरा खटकलं. सरकार तार पाठवतं, बिल्ले पाठवतं, पेन्शनीचे कागद पाठवतं. डोक्यावरची लोखंडी टोपी सरकार कधी घरी पाठवत नाही. ती साफ करतात आणि पुढच्याच्या डोक्यावर देतात. पण हाताला आलेली वस्तू अशी सुबक होती की त्यानं तो विचार झटकून टाकला.

"आज्जी कळसला लेकीकडं गेलीया," विशाल हसत म्हणाला. "ती आली की काय दिऊ द्यायची न्हाय. आत्ताच न्या. आन जोंधळ्यासकट न्या. आज्जीचं सारखं असतं, रिकामी करायची न्हाय, रिकामी करायची न्हाय."

दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं शेजारणीचं भांडंसुद्धा कुणी रिकामं परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालतातच. विशालच्या बायकोनं उलट वरून अजून ओंजळभर जोंधळा घातला. रविराजनं टोपी तान्हं पोर मांडीवर घ्यावं तशी जपून गाडीत ठेवली आणि घरी आल्यावर चांगल्या घरच्या माणसानं करावं तेच केलं. गच्चीवर गेला आणि जोंधळा चिमण्यांना टाकला.

तळाशी हात घालून तो शेवटचे दाणे काढत होता तेव्हा ते कोमट लागले. वरचे गार आणि तळाचे कोमट. गाडीत ऊन लागलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. मग टोपीचं वजन केलं, चांगली जड भरली. आतली पट्टी पुसली, एका डोक्यावर नीट सुलटी बसवली आणि खुशीत खाली जेवायला गेला.

३

दुसऱ्या दिवशी तात्यांची आंघोळ झाल्यावर माधवीनं रोजच्यासारखी धुतलेली टोपी त्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि मांडीवर ठेवून दिली.

"घाला की, तात्या."

"कशी घालू?"

"कशी म्हंजे? रोज घालता तशी."

"आधीच हाय की एक," तात्या म्हणाले. "एकावर एक कशी घालायची? तूच सांग."

माधवीला हसू आलं. रविराज चहा पीत होता, तोही हसला. म्हातारपणी माणूस पोर होतं, चालायचंच. माधवीनं लाडीगोडी लावून टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. तात्यांनी ती लगेच काढली आणि कुणीतरी थट्टा करतंय असा चेहरा करून परत मांडीवर ठेवली.

त्या दिवशी आणि पुढंही टोपी खुंटीवरच राहिली. तात्यांचं उघडं टक्कल बघायची कुणाला सवय नव्हती. माधवी म्हणाली, "मला कसंतरीच होतं बघा. घरात सुतक असल्यागत वाटतं."

"काहीतरीच बोलू नको," रविराज म्हणाला. पण वाटलं त्यालाही तसंच.

मग त्याच्या ध्यानात आलं की तात्या बोलताना हनुवटी वर करून बोलतात. समोरच्याकडं सरळ न बघता, कशाच्या तरी खालून डोकावल्यासारखं. एकदा त्यांनी उजवा हात वर नेला, कपाळापुढं हवेत बोटं मिटली आणि काहीतरी मागं सारलं. "सारखी डोळ्यावर येतीया," ते पुटपुटले.

रविराजनं त्यांच्या कपाळाजवळ हात नेला. तिथं काही नव्हतं. काही असणार तरी कसं!

४

कपाळावरचा वळ आधी न्हाव्याला दिसला. दाढी करायला घरी येणारा युवराज वस्तरा धुता धुता म्हणाला, "तात्यांना घट्ट टोपी घालता का हो? बघा की, कसं काचलंय."

डोक्याच्या भोवती, कपाळावरून कानांच्या वरून मागं, लाल वळ उमटला होता. एकसारखा, बोटभर रुंद. हनुवटीखाली दुसरा, बारीक. तात्यांच्या डोक्याला कितीतरी दिवसांत कुणी काही घातलं नव्हतं. रविराजनं "हो, बदलतो टोपी," म्हणून युवराजला वाटेला लावलं आणि जिना चढून वर गेला.

लोखंडी टोपी आपल्या जागी होती. त्यानं ती उचलली आणि त्याचा हात उगाचच वर गेला, कारण जोर लावला होता जड वस्तूच्या हिशेबानं आणि हातात आलं होतं पत्र्याच्या ताटलीएवढं ओझं. त्यानं काट्यावर ठेवली. काटा जेमतेम हलला. काटा बिघडलाय, असं त्यानं ठरवलं. मग पितळी शिरस्त्राण ठेवून बघितलं, तर काटा बरोबर होता. खोलीत एवढी डोकी ओळीनं बसलेली, आणि आज पहिल्यांदाच त्याला त्यांच्याकडं पाठ करून दाराकडं जाववेना. तो तोंड त्यांच्याकडं ठेवून, मागं मागं चालत बाहेर आला.

दिवसागणिक तात्यांची मान खाली खाली जायला लागली. ती वर उचलतच नव्हती. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मणके झिजलेत म्हणाले, वयाचं कारण सांगितलं आणि गळ्याला पट्टा दिला. कपाळावरच्या वळाला मलम दिलं. डॉक्टर चांगले होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. रविराजनं त्यांच्या प्रत्येक शब्दावर जीव तोडून विश्वास ठेवायचा प्रयत्न केला.

तात्यांचं जेवण तुटलं. घास गळ्याखाली जायचा तर मान वर व्हायला हवी, आणि मान तर वर होत नव्हती. "असंच चाललं तर तात्या आठवडा काढायचे नाहीत हो," माधवी एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

५

एका दुपारी लाईट गेली होती. माधवी पेठेत गेलेली. पंखा बंद, फ्रीज बंद, घर अगदी चिडीचूप. रविराज पडवीत तात्यांच्या कॉटवर बसून त्यांना चमच्यानं पेज भरवत होता. दोनचार चमचे गेले असतील नसतील, तात्यांनी हातानं नको म्हटलं आणि दमून मागं भिंतीला टेकायला गेले.

टण्ण.

आवाज मोठा नव्हता. घमेलं दगडाला लागतं, तेवढाच. रविराजनं हातातला चमचा बघितला. वाटी बघितली. आसपास कुठं बादली नव्हती, तांब्या नव्हता. मग त्यानं तात्यांकडं बघितलं.

तात्यांचं डोकं भिंतीला लागलेलंच नव्हतं. डोकं आणि भिंत यांच्यात चांगली आडवा पंजा मावेल एवढी फट होती, आणि त्या फटीवर डोकं आरामात रेललं होतं. मान सैल सोडलेली, डोळे मिटलेले. दमलेला माणूस ज्याच्यावर टेकेल असं त्या फटीत काहीही नव्हतं. पलीकडच्या भिंतीचा पिवळा रंग सरळ दिसत होता.

आपण हात घालून बघावं, असं रविराजच्या मनात आलं. हात काही पुढं होईना. घाबरला तो. भल्या दुपारी, आपल्या घरात, सख्ख्या बापाजवळ बसून तो इतका घाबरला की हातातली वाटी कलंडून पेज तात्यांच्या धोतरावर सांडल्याचंही त्याला कळलं नाही.

तात्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आप्पा, माझी पाळी कवा संपायची रं?"

"कसली पाळी, तात्या?"

"कवाधरनं पहाऱ्याला उभा हाय. दुसरं कुणी याया नगं व्हय?"

आणि त्यांनी डोकं जरासं हलवलं. भिंतीवर लोखंड घासल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, या कानापासून त्या कानापर्यंत.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी टोपी पिशवीत घालून रविराज मोटारसायकलवर शेळगावला निघाला. विशाल शेतात होता. पाडलेल्या घरापुढं पत्र्याची शेड उभी केली होती, तिच्या सावलीत त्याची आज्जी सारजाबाई शेंगा फोडत बसली होती. पिशवीतून कड बाहेर आलेली दिसली आणि तिचे हात थांबले.

"रिकामी केलीसा?"

"चिमण्यांना टाकला जोंधळा."

"चिमण्यांना," ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

रविराजनं टोपी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून तोलली. "हलकी झालीया."

"आज्जी, परत भरा. तुमच्या घरची वस्तू, तुमच्या घरचा जोंधळा. माझं चुकलं. मला वाटलं, रीत म्हणून भरून दिलीय."

"भरंन की. भराया काय लागतंय? पण ती हितं हाय कुठं?"

टोपी तिच्या मांडीवर होती.

"आमी कवा इचारलं न्हाय," सारजाबाई म्हणाली. "सासूनं सांगितलं, भरलेली ठिवा, तळाला हात लागू दिऊ नगा. नवा जोंधळा आला की वरचा काढायचा, नवा घालायचा. खालचा तसाच. का, कशापायी, ते न्हाय इचारलं. तुमी इचारलं असतं का सासूला?"

मग रविराजनं तिला तात्यांचं सगळं सांगितलं. मान, वळ, पेज. "म्हातारं माणूस आहे, आज्जी. त्यांनी कुणाचं काय केलंय? टोपी मी आणली. ओतली मी. मग त्यांच्या मानेवर का?"

सारजाबाईनं त्याच्याकडं पहिल्यांदाच मायेनं बघितलं. "कुणाच्या मानंवर बसायचं, ते ती आपल्याला इचारत न्हाय. माझा दीर बारका व्हता तवा त्यानं ओतली व्हती एकदा. मळणीच्या टायमाला, खेळता खेळता. पोरगं अंथरुणाला खिळलं. मान उचलंना."

"मग?"

"मग त्येच्या आईनं घातली डोक्यावर. माझ्या सासूनं. हितंच, ह्या अंगणात. सांजच्याला पोरगं उठून जेवलं म्हणत्यात."

"आणि त्यांचं? तुमच्या सासूबाईंचं?"

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मी नांदाया आले तवापासनं मरस्तवर त्या बाईला मान वर करून बघताना मी पायलं न्हाय. आमी आपलं म्हणायचो, लई मर्यादेची बाई."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचं कोणतं बेअरिंग गेलंय ते रविराजला आवाजावरून कळत होतं. जग एवढं साधं, ओळखीचं चाललेलं. हे सगळं म्हातारीच्या मनाचे खेळ, असं तो स्वतःला सांगत होता आणि त्याच वेळी त्याच्या कानात भिंतीवर घासणारं लोखंड वाजत होतं. त्याला तात्या आठवले, म्हणजे पूर्वीचे तात्या. उसाला पाणी देऊन आलेले, चिखलानं भरलेले, तशाच हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून "काय रं रवी," म्हणणारे. ते "रवी" ऐकून केवढा काळ लोटला होता.

जास्त विचार केला तर आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे त्याला कळलं. त्यानं सारजाबाईच्या मांडीवरची टोपी उचलली आणि आपल्या डोक्यावर घातली. जन्माचा नियम मोडला. सारजाबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

काही झालं नाही. कातडी पट्टी कपाळाला लागली, जरा ओलसर वाटली, एवढंच. त्यानं टोपी काढली आणि तिच्या हातात दिली. कपाळाला हात लावला. कोरडं होतं. त्याला एकदम हसायलाच आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"जावा आता," सारजाबाई म्हणाली, आणि ओंजळीनं जोंधळा टोपीत भरायला लागली. निघताना रविराजनं तिला टोपी किती जड लागते ते विचारलं नाही.

७

जंक्शन गावाच्या पुढं माधवीचा फोन आला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"अहो, तात्या उठून बसलेत! भाकरी मागितली, पिठल्याबरोबर खाल्ली! कुठं आहात तुम्ही? लवकर या!"

ती हसत होती का रडत होती, कळत नव्हतं. रविराजनं रस्त्याकडेला उभ्या उभ्या देवाला हात जोडले आणि गाडी अशी दामटली की बास. कानाशी वारा कसलीशी बारीक शीळ घालत होता, पत्र्याच्या कडेला घालतो तशी. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. मानेत जरा भरून आल्यासारखं वाटत होतं. एवढा रस्ता, एवढे खड्डे, मान अवघडणारच.

पडवीत तात्या कॉटवर ताठ बसले होते. मान सरळ. कपाळावरचा वळ फिकटलेला. आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, रोजच्यासारखी जराशी तिरकी. गळ्याचा पट्टा कोपऱ्यात पडला होता. माधवी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती.

तात्यांनी पायरीवरच्या रविराजकडं निरखून बघितलं. त्यांचे डोळे स्वच्छ होते, पूर्वी उसाच्या बांधावरून हाक मारायचे तेव्हा होते तसे.

"आलास व्हय रं, रवी?"

रवी म्हणाले. आप्पा नाही म्हणाले. रविराज तात्यांच्या पायाशी खाली बसला, त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. सगळं मिटलं होतं. त्याचा बाप त्याला परत मिळाला होता.

"गप, गप. रडतुयास कशापायी, येड्या?" तात्या म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांनी हात पुढं केला.

रविराज डोळे मिटून वाट बघत राहिला. हात केसांपर्यंत आलाच नाही.

"घरात आलास न्हवं आता," तात्यांचा आवाज आला, प्रेमाचा, जरासा रागावलेला. "मग काढ की ती."

त्यानं डोळे उघडले. तात्यांची बोटं त्याच्या डोक्याच्या चांगली वर, हवेतच थांबली होती, आणि कुठल्याशा रुंद कडेवरून हळूहळू फिरत होती. रविराजनं बापाचा चेहरा बघायला मान वर करायचा प्रयत्न केला.